पदवी नसली तरी सायबर सुरक्षा शिकता येते का?



पैठण आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरताना हल्ली एक प्रश्न वारंवार कानी पडतो. “पोरगा बारावी झाला. पुढे कॉलेज परवडत नाही. मोबाइल-कॉम्प्युटर त्याला चांगलं कळतं. ते सायबर सिक्युरिटी म्हणतात, ते शिकला तर चालेल का?” मंडळीतले पालक विचारतात, वसतिगृहातून बाहेर पडलेली आदिवासी मुलेमुलीही विचारतात. प्रश्नाच्या मागे बहुतेक वेळा एखादी जाहिरात असते. सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, भरघोस पगार आणि फी हजारांपासून लाखापर्यंत. त्या फीसाठी कोणी शेळ्या विकायला काढतो, कोणी बचत गटाकडे कर्ज मागतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढ्यावर सोडून चालत नाही.

थोडक्यात उत्तर असे. हो, ही विद्या कॉलेजच्या पदवीविना शिकता येते. ती मुळात हातची विद्या आहे. पण सहा महिन्यांत येत नाही, पाया वगळून येत नाही, आणि नुसते प्रमाणपत्र विकत घेऊन तर मुळीच येत नाही. पैठणच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पैठणी विणायला कोणी पदवी मागत नाही. मागावर बसून, जाणत्याच्या हाताखाली, धागा धागा सोडवत ती शिकावी लागते. आणि खरी हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून पाहतात. दोन्ही अंगांनी नक्षी सारखीच साफ दिसली पाहिजे. या नव्या विद्येतही माणूस तसाच पारखला जातो.

हे काम नेमके असते काय?

पुष्कळांची समजूत अशी की सायबर सुरक्षा म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे टाइप करून कोणाचे तरी खाते फोडणे. रोजचे काम तसे नसते. या कामाचे सार तीन शब्दांत सांगता येते: गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता. आपल्या एखाद्या वसतिगृहाच्या कार्यालयातील देणगीदारांची यादी डोळ्यांसमोर आणा. ती नको त्या माणसाने वाचू नये, ही गुप्तता. कोणी गुपचूप त्यातला आकडा बदलू नये, ही अचूकता. आणि हिशेब तपासनीस आले त्या दिवशी ती उघडता यावी, ही उपलब्धता. बँक असो, दवाखाना असो की वाळूजचा कारखाना, राखायचे असते ते हेच.

हे राखण्यासाठी अनेक प्रकारची माणसे लागतात. नव्याने आलेल्याला बहुधा पाळतीचे काम मिळते. मोठ्या कंपन्यांत यासाठी चोवीस तास चालणारा कक्ष असतो, त्याला सिक्युरिटी ऑपरेशन सेंटर किंवा ‘सॉक’ म्हणतात. प्रत्येक संगणक आपल्याकडे काय घडले याची नोंद ठेवतो. या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. एका वहीत कोण कधी आले, कोणते दार उघडले, कधी गेले असे लिहून ठेवावे तसेच हे असते. समजा, हिशेब विभागातल्या बाई रोज सकाळी दहाला कामाला लागतात. एके रात्री अडीच वाजता त्यांच्या नावाने परदेशातून चारशे वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला आणि चारशे एकाव्या वेळी दार उघडले. हे हजारो ओळींमधून हेरणे, ते खाते ताबडतोब बंद करणे, वरिष्ठांना कळवणे आणि काय घडले ते स्पष्ट भाषेत लिहून ठेवणे, हे ते काम. त्याला चिकाटी लागते, रात्रपाळी लागते आणि लिहिता यावे लागते.

आपल्या राज्यातला मोठा धडा

हे राखणदार कशासाठी हवेत, ते पुण्यात दिसले. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरट्यांनी तिच्या एटीएम व्यवहारांची मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली. एटीएम विचारी, पैसे देऊ का? खात्यात पैसे आहेत की नाहीत हे बँकेच्या मूळ यंत्रणेला न विचारताच उत्तर जाई, दे. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि आपल्या देशातही काढले गेले. दोन दिवसांनी, १३ तारखेला, आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

यात कोणी बंदूक रोखली नाही की तिजोरी फोडली नाही. शनिवारी दुपारी मंजुरीचे व्यवहार एकाएकी वेगळे दिसू लागले, तेव्हा ते पाहणारा सावध डोळा किती मोलाचा असतो, ते या घटनेने दाखवले. त्या डोळ्याला काय दिसते हे महत्त्वाचे. तो पदवीधर आहे की नाही, हा नंतरचा प्रश्न.

दोन भाऊ, दोन वाटा

पदवीविना या क्षेत्रात उभे राहण्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे कैलास काटकर. सातारा जिल्ह्यातले कुटुंब. दहावीनंतर कॉलेज झाले नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी काम धरले, आणि १९९० च्या सुमारास स्वतःचे छोटे दुकान काढले. बँकांमध्ये संगणक येऊ लागलेले पाहून ते संगणक दुरुस्ती शिकले, तेही काम करता करता. धाकटे बंधू संजय यांना मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

ही गोष्ट सांगताना अनेक जण अर्धीच सांगतात: “बघा, दहावी शिकलेल्या माणसाने कंपनी काढली.” पूर्ण गोष्ट अशी की एका भावाने बाकावर बसून हाताने विद्या मिळवली आणि दुसऱ्याने वर्गात. व्हायरस काढणारा प्रोग्रॅम वर्गात शिकलेल्याने लिहिला. पण ग्राहकाचा संगणक उघडून दुखणे ओळखणारा आणि ते औषध घरोघर पोहोचवणारा बाकावर शिकलेला होता. पदवी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. पदवी ज्याला मिळू शकली नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, एवढाच याचा अर्थ. आणि त्या वाटेवर कैलास काटकरांनी आधी अनेक वर्षे यंत्रे उघडली, हे विसरू नये.

शिकण्याचा क्रम

पहिली पायरी यंत्राची ओळख. संगणकात कोणते भाग असतात, विंडोज कसे बसवायचे, फाइली कुठे राहतात, बिघाड कसा शोधायचा. ज्याला हे येत नाही, त्याला सुरक्षा शिकवता येत नाही. ज्या घराच्या खिडक्या किती हे ठाऊक नाही, त्याची राखण कशी करणार? यासाठी आपल्याकडे सरकारी सोयी आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतर ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड आहे. केंद्र सरकारची ‘नाइलिट’ ही संस्था छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे. तिचा ‘सीसीसी’ हा ८० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे, आणि बारावीनंतर किंवा आयटीआयनंतर करता येणारा एक वर्षाचा ‘ओ लेव्हल’ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वेळोवेळी शुल्कमाफीच्या योजना निघतात. खाजगी कोर्सचे दार ठोठावण्याआधी तेथे एक फेरी जरूर मारावी. पैठणहून गाडीने तास-दीड तासाचे अंतर आहे.

दुसरी पायरी नेटवर्क. संगणक एकमेकांशी बोलतात कसे? प्रत्येकाला घर क्रमांकासारखा एक पत्ता असतो, तो आयपी पत्ता. घराला जशी पुढचे दार, मागचे दार, तसे संगणकाला ‘पोर्ट’. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे ‘डीएनएस’. आणि कोणाला आत सोडायचे, कोणाला नाही हे ठरवणारा पहारेकरी म्हणजे ‘फायरवॉल’. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून मुले तो टाळतात आणि पुढे जाऊन अडखळतात. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे नेटवर्किंगचे आणि सायबर सुरक्षेचे प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहेत.

तिसरी पायरी लिनक्स. जगातील बहुतेक सर्व्हर या प्रणालीवर चालतात आणि ती फुकट मिळते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही तयार केले आहेत. छोटे व्हिडिओ, एकेक आज्ञा करून दाखवलेली. मराठी माध्यमातल्या मुलासाठी यापेक्षा सोपी सुरुवात नाही. त्यानंतर ‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ नावाचा खेळ खेळावा. एक कोडे सोडवले की पुढच्या कोड्याची किल्ली मिळते, आणि खेळता खेळता लिनक्स हाताला बसते.

चौथी पायरी खुद्द सुरक्षा. येथे सराव महत्त्वाचा. ‘ट्राय हॅक मी’ येथे काही धडे विनामूल्य आहेत. ‘पोर्टस्विगर’ची वेब सुरक्षेची शाळा तर पूर्ण विनामूल्य आहे. या ठिकाणी मुद्दाम कमकुवत ठेवलेले संगणक असतात, त्यांवर हात साफ करून घ्यायचा. स्वतःच्या संगणकातही ‘व्हर्च्युअल बॉक्स’ या मोफत साधनाने दुसरा, पोटातला संगणक उभा करता येतो. तो बिघडला तर पुसून नवा करायचा. कोणाचे नुकसान नाही.

या चारही पायऱ्यांबरोबर दोन गोष्टी रोज चालू राहिल्या पाहिजेत. एक, इंग्रजी वाचन. बोलणे अडखळले तरी चालते, पण या क्षेत्रातील सूचना, इशारे आणि पुस्तके इंग्रजीत असतात. रोज एक पान वाचून अडलेले शब्द वहीत लिहावेत. दुसरी, कामाची वही. आज काय केले, काय अडले, कसे सुटले, चित्रासह आणि तारखेसह. पदवी नसलेल्या उमेदवाराची खरी पदवी ही वही असते. मुलाखत घेणाऱ्याने कुठलेही पान उघडून “हे कसे केलेस?” म्हणून विचारावे आणि मुलाने किंवा मुलीने सांगता यावे. पदर उलटा करून पाहणे म्हणतात ते हेच.

वेळ किती लागेल? रोज दोन तास नेमाने दिले, तर माझ्या अंदाजाने दीड ते दोन वर्षे. शेतीचे किंवा मजुरीचे काम सांभाळून शिकणाऱ्याला याहून अधिक लागतील. त्यात कमीपणा नाही.

नोकरीविषयी खरे बोलू या

पदवी नसल्याची अडचण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अनेक मोठ्या कंपन्या अर्जांची पहिली चाळणी पदवीवरच लावतात. बहुतेक सरकारी पदांना पदवी लागते. म्हणून एकदम ‘सायबर तज्ज्ञ’ होण्याची आशा धरू नये. सुरुवात संगणक दुरुस्ती, नेटवर्क जोडणी, कारखान्यातील किंवा दवाखान्यातील संगणक विभागातला मदतनीस अशा कामापासून करावी. पैठण, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत अशी कामे असतात. तेथे एक-दोन वर्षे काढली की पुढचे दार उघडायला हातात काहीतरी असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी पूर्ण करण्याचीही सोय आहे. पदवी आधी नाही जमली तर नंतर घ्यावी.

परवानगीची वेस

आता सर्वांत महत्त्वाचे. ही विद्या कुलूप कसे उघडते ते शिकवते. म्हणून कोणाचे कुलूप, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनात हवा.

ब्रिटनमधील मार्कस हचिन्स हा तरुण विद्यापीठात न जाता घरीच शिकला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागायला सुरुवात केली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांची कामे अडली. हचिन्सने त्या व्हायरसच्या आत एका संकेतस्थळाचे नाव पाहिले. ते नाव कोणी घेतलेले नव्हते, म्हणून त्याने थोडक्या पैशांत ते आपल्या नावावर नोंदवले, आणि व्हायरसचा फैलाव थांबला. तो तेव्हा २२ वर्षांचा होता. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तीनच महिन्यांनी अमेरिकेत त्याला अटक झाली, कारण लहान वयात त्याने बँक खाती लुबाडणारे एक सॉफ्टवेअर लिहिले होते. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याने पुढे केलेले चांगले काम लक्षात घेऊन न्यायाधीशांनी त्याला आणखी तुरुंगात धाडले नाही. पण ही दोन वर्षे त्याने घरापासून दूर, खटल्याच्या छायेत काढली.

एकच हात, एकच विद्या. कोणाच्या दारावर वापरली, यावर सारे ठरले. आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे बेकायदा आहे, आणि ते लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. “मी फक्त पाहत होतो” हे उत्तर चालत नाही. शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा शाळेच्या संकेतस्थळावर सराव करू नये. ज्याचे यंत्र आहे, त्याची लेखी परवानगी घ्यावी. हे शिकवत नाही तो शिक्षक धोक्याचा समजावा.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

खाजगी वर्ग सगळेच वाईट नसतात. पण पैसे देण्याआधी पालकांनी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

प्रमाणपत्र कोणाचे? वर्गाचे स्वतःचे, की बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षेचे? परीक्षेची फी कोर्सच्या फीत धरली आहे का? या क्षेत्रातील काही नामवंत परीक्षांची नुसती फीच वीस-तीस हजारांच्या पुढे जाते.

नोकरीची ‘हमी’ म्हणजे नेमके काय? कागदावर बहुधा ‘साहाय्य’ असा शब्द असतो. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मागच्या तुकडीतील तीन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? ते आज काय काम करतात?

नेटवर्क आणि लिनक्स किती तास शिकवणार? उत्तर गुळमुळीत असेल तर उठून यावे.

मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील का? हप्त्यांची सोय म्हणून सही घेतात ती फीच्या पावतीवर, की एखाद्या वित्त कंपनीच्या कर्जावर? कर्ज असेल तर कोर्स सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. ही सही वाचल्याखेरीज करू नये, आणि वडिलांचा अंगठा तर मुळीच लावू देऊ नये.

माझे मत सरळ आहे. पहिले सहा महिने एक पैसाही न भरता शिकावे. तेवढा काळ जो टिकला, त्याच्यावर पैसा घालावा.

दुसरी वाट किती जवळ आहे

बेकार तरुणाला या क्षेत्रातली वाईट कामेही बोलावतात, हे विसरून चालणार नाही. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ते संगणक फोडणारे नव्हते. बनावट कार्डे घेऊन एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतले ते लोक होते. आज वस्त्यांवर येणारी मागणी आणखी साधी असते: “तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो.” त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. परदेशी ‘डेटा एंट्री’च्या नोकरीचे आमिष हा दुसरा सापळा. म्यानमारमधील अशा फसवणूक केंद्रांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांच्याकडून तेथे सक्तीने लोकांना लुबाडण्याचे काम करून घेतले जात होते. हुशार हातांना चांगले काम मिळाले नाही, तर असे काम त्यांना शोधत येते. म्हणून हे शिक्षण महत्त्वाचे.

विद्येचा पहिला उपयोग वस्तीवर

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. आज रोजगार हमीची मजुरी, लाडकी बहीण योजनेचे पैसे, निवृत्तिवेतन हे सारे आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि वस्तीवरची म्हातारी माणसे बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावून ते काढतात. व्यवहार आला, पण राखण शिकवायला कोणी आले नाही. ते काम शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच महिन्यापासून करावे. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही.

अंगठा लावल्यावर पावती मागावी आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवायला सांगावी. आधारच्या ॲपमधून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते आणि पैसे काढतेवेळी ते तात्पुरते उघडता येते. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला हवा. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहता येते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा योजनेची यादी म्हणून ‘एपीके’ फाइल आली तर उघडू नये. ती फाइल म्हणजे आपल्या मोबाइलमध्ये दुसऱ्याला दिलेली किल्ली असते. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी घाबरू नये, फोन ठेवावा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. जितक्या लवकर तक्रार, तितका तो वाटेतच गोठवला जाण्याचा संभव अधिक.

मंडळीला काय करता येईल?

वाचकहो, आपण विचाराल की आम्ही काय करावे. मोठा निधी लागत नाही. सुस्थितीतला जुना लॅपटॉप द्यावा, पण त्यातील आपली माहिती आधी पूर्ण पुसून. उपासनामंदिराच्या शेजारची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी, वीज आणि इंटरनेटसह. वस्तीवरच्या मुलीला एकटीने सायबर कॅफेत बसता येत नाही, तिला अशी जागा मिळाली तरच ती शिकेल. आपल्यापैकी जे बँकेत, आयटी कंपनीत किंवा कारखान्याच्या संगणक विभागात आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याची वही तपासावी. मदत करायची तर मोघम न करता थेट परीक्षेची फी भरावी, आणि तीही सहा महिन्यांची वही पाहून.

आणखी एक. आपल्याच कार्यालयांतील संगणकांची अवस्था काय आहे? एकच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, तो भिंतीवर चिकटवलेला, आणि हिशेबाची दुसरी प्रत कुठेच नाही, असे चित्र अनेक संस्थांत दिसते. शिकणाऱ्या दोन मुलांना लेखी परवानगी द्यावी आणि एका जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली काम सोपवावे. किती संगणक आहेत, कोणते अद्ययावत नाहीत, कुठे दुहेरी पडताळणी लावलेली नाही, प्रत कुठे ठेवली जाते, याचा चार पानी अहवाल त्यांनी लिहावा. वॉनाक्रायला अडवणारी दुरुस्ती तो पसरण्याच्या दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, तेच सापडले. अशा साध्या चुका शोधणे हेच पहिले काम. बँकेचे पासवर्ड त्यांच्या हाती देऊ नयेत. तेवढी सावधगिरी बाळगणे हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग.

त्या अहवालाने संस्थेचे दार थोडे मजबूत होईल, आणि त्या मुलांच्या वहीत पहिले खरे काम नोंदले जाईल. पुढच्या मुलाखतीत “अनुभव काय?” असा प्रश्न आला की त्यांच्याजवळ दाखवायला काहीतरी असेल. ज्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेले नाही, त्या घरातल्या मुलीसाठी ते चार कागद फार मोलाचे आहेत.